बगळे जिंकले तो रविवार

"आपला मालक देवमाणूस आहे, एमिल," आर्डिथ म्हणाली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबली.

शेजारच्या खुर्चीत ओटो ब्रँडल पुडिंग खात होता. त्याचा चमचा वाटीतच राहिला. ओटोनं जन्मभर घरोघर टपाल वाटलं होतं, आणि स्टेडियममधल्या उन्हातल्या स्वस्त बाकांवर एमिल-आर्डिथ या वास्को नवराबायकोच्या मागच्याच रांगेत त्याची जागा असायची. टीमच्या मालकाबद्दल आर्डिथच्या तोंडून काय काय बाहेर पडतं ते त्यानं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्यातलं निम्मं पाद्र्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

चाकाच्या खुर्चीत बसून एमिल खिडकीबाहेरच्या उभ्या गाड्यांकडे बघत राहिला. आर्डिथनं रेडिओचा आवाज थोडा वाढवला आणि दुसरा गळ टाकला. मॅनेजरही हुशार आहे हो, म्हणाली. पिचर कधी बदलायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

ओटो पुटपुटला, देवा, मला ने आता.

पोर्ट लॉरेन्सच्या बेसबॉल टीमचं खरं नाव हेरन्स, पण गावात सगळे त्यांना बगळे म्हणत. आर्डिथ म्हणायची, बगळा निदान एका पायावर तरी धड उभा राहतो, आमच्यांना तेही जमत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांचं जेवण रांधता रांधता तिनं या टीमबद्दलची आपली मतं पक्की केली होती, आणि ती बदलायचं कारण बगळ्यांनी तिला कधी दिलं नव्हतं. मालक चिक्कू, खेळाडू जरा नावारूपाला आला की विकून मोकळा. मॅनेजर कॉम्प्युटरला विचारल्याशिवाय शिंकायचासुद्धा नाही. राखीव पिचर सगळे आगीत तेल ओतणारे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभं राहणारं ते पोरगं, त्याला चेंडू दिसला की देव आठवतो.

एमिलचं सगळं उलटं. तो न्हावी होता, दिवसभर लोकांच्या डोक्यावर कात्री चालवत गप्पा मारायचा आणि संध्याकाळी बाकावर बसून बगळ्यांची वकिली करायचा. अगं, त्याची बायको नुकतीच बाळंत झालीय, रात्रीची झोप नसेल. अगं, वारा बघ कसा आहे, त्या पोराचा काय दोष. आर्डिथ म्हणायची, तू यमाचीसुद्धा बाजू घेशील. दोघांचा संसार बराचसा या वादावरच चालला होता, आणि वाद थांबला असता तर काय बोलावं हे दोघांनाही सुचलं नसतं.

वसंतात, सीझनच्या तोंडावर, एमिलला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली आणि वाद थांबला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शब्द आत आहेत, गेलेले नाहीत. एखाद्या दिवशी ध्यानीमनी नसताना बाहेर येतील. त्यांना बोलायला भाग पाडा, चिडवा, वाद घाला. आणि बोलायला लागले की मध्ये तोडू नका, एकदा वाट सापडली की पुढचे शब्द येतात. आर्डिथनं हे शेवटचं वाक्य स्वतःशी घोकून घेतलं होतं. ती रोज जेवण आटोपून नर्सिंग होमच्या या दालनात यायची, एमिलचा जुना रेडिओ खिडकीपाशी ठेवायची आणि सामना लावायची. आधी तिनं आपली खरी मतं ऐकवून पाहिली. मालकाला शिव्या घातल्या, मॅनेजरचा उद्धार केला. एमिलनं मान वळवली नाही. मग तिला वाटलं, हे तर तो आयुष्यभर ऐकत आलाय, त्यात नवीन काय? म्हणून तिनं स्तुती सुरू केली. जे कधी जिभेवर आणलं नव्हतं ते रोज दात-ओठ खात म्हणू लागली, का तर एमिलनं एकदा तरी हसून म्हणावं, आर्डी, तुला वेड लागलंय का.

तो म्हणाला नाही. उन्हाळा गेला, बगळे शेवटच्या नंबरावर जाऊन बसले, आणि आज सीझनचा शेवटचा रविवार होता.

पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायला, टोबिन नावाचं पोरगं होतं. ओटो म्हणाला, याच्या चेंडूपेक्षा माझी पत्रं लवकर पोचायची. आर्डिथला मनापासून हसू आलं, पण तिनं ते आवरलं आणि एमिलच्या कानाशी वाकून म्हणाली की टोबिनसारखा पिचर गावाला आजवर मिळाला नाही.

तिसरी इनिंग झाली, चौथी झाली. पाहुण्यांच्या टीमला एक हिट मिळेना, चेंडू मारून कुणी पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचेना. बॅटर यायचे, चेंडू हवेत उडवायचे, झेल द्यायचे आणि परत जायचे. पाचव्या इनिंगच्या शेवटी ओटोनं आर्डिथकडे पाहिलं, आर्डिथनं ओटोकडे. दोघंही काही बोलले नाहीत.

बोलायचं नसतंच. नऊच्या नऊ इनिंग समोरच्याला एकही हिट मिळू दिली नाही, तर त्याला नो-हिटर म्हणतात, आणि आर्डिथनं बाकावर बसायला सुरुवात केल्यापासून बगळ्यांना ते कधी साधलं नव्हतं. तसं काही जुळून येत असलं की शेवटचा बॅटर बाद होईपर्यंत तो शब्द कुणी उच्चारत नाही. उच्चारला की दृष्ट लागते. ज्या जागी बसलात तिथंच बसायचं, जे खात होतात तेच खायचं, आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. रेडिओवरचा निवेदकसुद्धा 'पाहुण्यांची आज जरा अडचण होतेय' एवढंच म्हणत होता.

हा नियम एमिलनं एकदा मोडला होता. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. सातवी इनिंग चालू होती, सगळं स्टेडियम श्वास रोखून बसलेलं, आणि हा आनंदानं उठून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आर्डी, आज नो-हिटर बघायला मिळणार बघ." पुढच्याच चेंडूवर हिट गेली. आजूबाजूच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली, मागून कुणीतरी त्याच्या टोपीत बिअर ओतली. तो कुणीतरी म्हणजे ओटोच होता, हे त्यानं पुढे मान्य केलं. आर्डिथनं बर्फ पडेपर्यंत नवऱ्याशी अबोला धरला. त्यानंतर टीमचं जरा बरं चाललंय असं दिसलं की तिचा हात एमिलच्या तोंडावर जायचा. आधी रागानं, मग गमतीनं, मग नुसत्या सवयीनं. मागच्या रांगा हसायच्या. एमिल हाताआडून डोळे मिचकावायचा आणि खरंच गप्प बसायचा. दिवसभर बोलणारा माणूस, पण बायकोसाठी तेवढं करायचा.

सहाव्या इनिंगला डेल्फीन गोळ्या घेऊन आली. ती इथली मदतनीस, तिला या खेळातलं काही कळत नसे. दालनातली सगळी म्हातारी माणसं माना खाली घालून बसलेली पाहून तिनं हलक्या आवाजात विचारलं, कुणी गेलं का. ओटोनं नकारार्थी मान हलवली. त्याला लघवीला जायचं होतं, डेल्फीन त्याची खुर्ची न्यायला पुढे झाली, तर त्यानं चाक घट्ट धरून ठेवलं.

आर्डिथ एमिलशी बोलायची थांबली होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही. सगळा उन्हाळा ती एका घटकेसाठीही थांबली नव्हती, आणि आता ती रेडिओकडे तोंड करून, एक हात एमिलच्या गुडघ्यावर ठेवून नुसती बसली होती. सातवी इनिंग गेली. तिला वाटलं, एवढं एक द्या. एवढ्या वर्षांत काही दिलं नाहीत मेल्यांनो, आज एवढं द्या, आणि एमिलला ऐकू द्या.

आठव्या इनिंगला दोन बाद झाले होते. एमिलची बोटं पांघरुणावर हलायला लागली. कात्री धरल्यासारखी दोन बोटं उघडायची, मिटायची. आर्डिथचं लक्ष नव्हतं. टोबिननं चेंडू टाकला, बॅटरनं तो उंच उडवला, निवेदकाचा आवाज चढला, आणि एमिल बोलला.

"आर्डी," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होते. "आर्डी, हे पोरगं आज नो—"

"गप्प बस, एमिल."

तिचा हात त्याच्या तोंडावर जाऊन घट्ट बसला होता. तिनं वळूनही पाहिलं नव्हतं. ती रेडिओ ऐकत होती. चेंडू झेलला गेला, तिसरा बाद झाला, इनिंग संपली, तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला आणि ओटोकडे पाहिलं. ओटोचा चेहरा पांढरा पडला होता.

"आर्डिथ," ओटो म्हणाला, "तो बोलला."

तिनं हात काढला. तळव्याला ओल लागली होती. एमिल तिच्याकडेच बघत होता, आणि त्यानं ओठ मिटून घेतले होते. बाकावर मिटायचा तसेच.

"बोल," आर्डिथ म्हणाली. "एमिल, बोल ना. काय म्हणत होतास? माझं चुकलं. बोल तू."

एमिलनं डोळे मिचकावायचा प्रयत्न केला. एकच पापणी अर्धवट हलली.

ती खुर्चीवरून उतरून त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. गुडघे दुखरे होते, पण बसली. तिनं त्याचे दोन्ही गाल हातात धरले आणि म्हणाली की मालक चोर आहे, मॅनेजर गाढव आहे, आणि टोबिन चांगला आहे, खरंच चांगला आहे, तू म्हणतोस तेच बरोबर. रेडिओवर नववी इनिंग सुरू झाली. आणि मग आर्डिथ वास्कोनं ते केलं जे पोर्ट लॉरेन्समध्ये कुणी शुद्धीवर असताना केलं नसतं.

"नो-हिटर," ती मोठ्यानं म्हणाली. "एमिल, नो-हिटर आहे. तू हेच म्हणत होतास ना? म्हण. नो-हिटर."

दालनातल्या माना वर झाल्या. भिंतीपाशी बसलेल्या एक बाई चक्क रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, या बाईला बाहेर काढा. आर्डिथ म्हणतच राहिली. जळू दे ती टीम, तिला वाटत होतं, आत्ता येऊ दे हिट, दहा येऊ देत, हरू देत मेले, पण याचं तोंड उघडू दे. तिला तो सौदा मान्य होता. तिनं मनातल्या मनात तो करूनही टाकला होता.

ओटोनं चाकावरची मूठ सोडली आणि खुर्ची हळूहळू पुढे सरकवली. सबंध दुपार नैसर्गिक विधी रोखून बसलेला तो म्हातारा एमिलच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "नो-हिटर आहे रे, एमिल. म्हण तू. या वेळी मी बिअर ओतणार नाही."

एमिल ऐकत होता. ऐकत होता हे नक्की, कारण त्याचे डोळे एकदा ओटोकडे गेले आणि एकदा आर्डिथकडे आले. पण ओठ मिटलेलेच राहिले.

पहिला बाद झाला. दुसरा बाद झाला. आर्डिथ तो शब्द म्हणत होती, ओटो म्हणत होता, आणि हिट काही येत नव्हती. शेवटच्या बॅटरनं चेंडू जमिनीवरून मारला, तो नेमका त्या बावळट शॉर्टस्टॉपकडे गेला, आणि त्या पोरानं तो उचलून सरळ पहिल्या बेसवर फेकला. तिसरा बाद, सामना बगळ्यांचा.

रेडिओवर नुसता कल्लोळ झाला. निवेदकाला रडू आवरेना. दालनातल्या ज्यांना हात हलवता येत होते त्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्या बाई रडत होत्या त्या आता हसत रडत होत्या. निवेदक म्हणाला, गावातल्या ज्या भल्या माणसांनी दुपारभर तोंडं बंद ठेवली, त्या सगळ्यांचे आभार.

आर्डिथ गुडघ्यावरच होती. टीमला दृष्ट लागली नाही, काहीच झालं नाही. कितीही वेळा तो शब्द उच्चारला तरी काही होत नव्हतं. कधीच होत नव्हतं. मग तिनं त्याचं तोंड एवढी वर्षं कशासाठी दाबलं?

डेल्फीननं तिला काखेत हात घालून उठवलं. म्हणाली, तुमची टीम जिंकली ना, मिसेस वास्को? मग असं काय?

"हो," आर्डिथ म्हणाली. "जिंकली."

ओटोला आत नेलं. मग एकेकाला जेवायला नेऊ लागले. एमिलचं ताट इथंच आणा, असं आर्डिथनं सांगितलं. रेडिओवर गाद्यांची जाहिरात लागली तेव्हा तिनं तो बंद केला. आता एप्रिलपर्यंत त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. तिनं रुमालानं एमिलचे ओठ पुसले, आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवली आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

"आपला मालक देवमाणूस आहे, एमिल," ती हळूच म्हणाली, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसून राहिली.