इंजिनाचे चार स्क्रू

तुळशीरामांनी पेचकस खाचेत बसवला, तळहाताचा सगळा भार वरून दिला आणि श्वास रोखून पिळला. स्क्रू हलला नाही. पेचकस तेवढा सटकला आणि खाचेची एक कड झिजून चकाकली.

"मर बे!" ते स्क्रूला म्हणाले. शिवी खायला घरात दुसरं होतंच कोण?

पाटावर हातभर लांबीचं वाफेचं इंजिन उलथं पडलं होतं. पितळेचा बॉयलर, सहा चाकं, सगळं स्वतःच्या हातचं. भुसावळला रेल्वेत फिटर असताना ते पंधरवड्यातून दोन दिवस नांदुऱ्याला घरी येत, आणि ते दोन्ही दिवस या इंजिनापुढे जात. महाराष्ट्र झाला त्या साली इंजिन पुरं झालं, अंगणात दोन फेऱ्या मारून फडताळात चढलं. मग निवृत्तीपर्यंतची चार वर्षं तुळशीराम गावभरच्या घड्याळांच्या नादात राहिले. बायको झुंबरबाई इंजिनाला सवत म्हणायची.

गेल्या साली ते निवृत्त होऊन घरी आले आणि पोळ्याच्या आठवड्यात झुंबरबाई गेली. तेव्हापासून घर खायला उठायचं. इंजिन एकदा चालावं, घरात काहीतरी धडधडावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण चाकं जाम झालेली. ती सोडवायची तर खालची पट्टी काढायला हवी, आणि पट्टीचे चारही स्क्रू हटून बसलेले. राकेलात दोन दिवस बुडवून झालं, हलक्या हाताने ठोकून झालं. खाच आणखी झिजली तर स्क्रू कोरून काढावा लागला असता, आणि मग पट्टीही गेली असती, इंजिनही गेलं असतं.

शेजारच्या वच्छलाबाई वाटीभर वांग्याची भाजी घेऊन दारात आल्या.

"भाऊ, जेवले का?"

"जेवीन. याले गंज चढला पाहा. ठेवून ठेवून वाया गेलं."

"गंज?" त्या उंबऱ्यातच टेकल्या. "गंज कसा चढंन? झुंबरबाई तर दर शुक्रवारी तेल लावे त्याले."

तुळशीरामांचा हात थांबला.

"कोन? आमची?"

"हाव. तुम्ही भुसावळले असले का खाली काढे, मांडीवर घे, पुसे, अन् कापसाच्या बोळ्यानं तेल लावे. भाजीतलं वाचवून."

"कोनतं तेल?"

"आता घरात कोनतं राह्यते? जवसाचं."

त्यांनी इंजिन डोळ्यांजवळ धरलं. स्क्रूच्या टोपीभोवतीचा तांबूस थर नखाने खरवडला. भुकटी झाली नाही. डिंकासारखी चिवट सालपटं निघाली. जवसाचं तेल वाळलं की चिकटून बसतं, हे रेल्वेचे डबे रंगवणाऱ्यांकडून त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. जन्मभराचा फिटर, आणि घरचं तेल ओळखता आलं नाही!

"मले काऊन नाही सांगतलं तिनं?"

"तुम्ही हात लावू देत होते का?" वच्छलाबाई सरळच म्हणाल्या. "एक डाव लावला, तर केवढे वरडले होते. आमच्या घरात आयकू आलं."

तुळशीरामांनी मान खाली घातली. बोलणं खरं होतं. त्यांनी विचारलं, "नुसतं तेलच लावे?"

"बोले बी त्याच्याशी. मी हासो तिले. आज भाकर करपली म्हने, गाय आटली म्हने, मायेरचं पत्र आलं म्हने. मी म्हनलं, बाई, हे भाऊ आल्यावर सांग ना. तर म्हने, त्याइले टाइम कुठी राह्यते."

वाटी ठेवून वच्छलाबाई गेल्या. तुळशीरामांनी चुलीवर पातेलं चढवलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला. उकळत्या सोड्यात असलं तेल सुटतं. घटकाभरात चारही स्क्रू अलगद निघाले असते.

पाणी खदखदू लागलं. इंजिन दोन्ही हातांत धरून ते पातेल्यावर उभे राहिले. एकदा बुडवलं की चार वर्षांचे सगळे शुक्रवार त्या पाण्यात उतरणार होते. वाफेने बोटं पोळली तरी त्यांना हात खाली नेववेना. शेवटी त्यांनी इंजिन पुन्हा पाटावर ठेवलं. सोड्याचं पाणी कशाला फुकट घालवा, म्हणून त्यात दोन धोतरं भिजवली.

मग ते जेवायला बसले. दोन घास झाल्यावर पाट जवळ ओढला, इंजिन सुलटं केलं, एकदा दाराकडे पाहिलं.

"वच्छलाबाईनं वांगे देल्ले," ते म्हणाले. घसा खाकरला. "तिखट हायेत. तुह्यावानी नाही जमले."

पुढे काय सांगावं ते त्यांना सुचेना. हातातला घास तसाच ठेवून ते सुचायची वाट पाहत बसले.