समासातला निळा घागरा

हे सर्वसाक्षी परमेश्वरा, तुझ्या चरणी मस्तक ठेवून आज मी माझा अपराध कबूल करतो.

मी एका जुन्या चित्राचा कागद बोलत आहे. माझ्यावर डोंगराकडच्या एका स्त्रीचा पारंपरिक पोशाख आहे. रेषा छापील, रंग मात्र हाताने भरलेले. आमच्या कारखान्यात लांब मेजाभोवती बायका बसत आणि प्रत्येकीकडे एकच रंग असे. मालक समासात पेन्सिलीने सूचना लिहीत. माझ्या समासात लिहिले होते, 'घागरा निळा'.

त्या दिवशी निळ्या रंगाची बाई तापाने घरी होती. हिरव्या रंगाच्या बाईने झाडे रंगवली आणि त्याच कुंचल्याने घागराही.

"अगं, समास वाच की!" शेजारीण म्हणाली.

"वाळलासुद्धा. आता काय चाटून काढू?"

दोघी हसल्या. मी मात्र जन्मतःच खोटा ठरलो. पुढे चौकटीच्या पुठ्ठ्याखाली समासही झाकला गेला.

त्याच डोंगराकडून आलेल्या एका शिंप्याने मला दुकानात टांगले. त्याच्या मुलीने हट्ट धरला, लग्नात आपल्या लोकांचा जुना पोशाखच घालणार. शिवायला बसली शिंप्याची थोरली बहीण, आक्का. ती म्हणाली,

"घागरा निळा असायचा. आईचा होता."

"आक्का, तू तेव्हा एवढीशी होतीस. छापलेलं चित्र खोटं बोलेल का?" शिंपी म्हणाला.

"आत्याला हल्ली आकाशही हिरवं दिसत असेल," नवरी म्हणाली. सगळे हसले.

आक्काने हिरवाच घागरा शिवला. त्यानंतर आईची आठवण तिने कधी काढली नाही. सत्य माझ्याच अंगावर होते, अवघ्या दोन बोटांवर. आणि मी भिंतीवर मिरवत राहिलो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला रोज वाटे.

परवा माझी काच तडकली. तीच नवरी, आक्काची भाची, आता केस पिकलेली, चौकट उघडून बसली. पुठ्ठा निघाला, समास दिसला. तशीच मला घेऊन ती आत्याच्या खाटेपाशी गेली.

"आत्या, निळाच होता गं. आणि मी तुला हसले."

आक्काने मला डोळ्यांशी धरले. अक्षर दिसेना. "तूच वाच." भाचीने वाचले. "पुन्हा वाच."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर आक्का म्हणाली, "काठाला पांढरी टीप होती, दुहेरी. लिहून घे. तुझ्या चित्रात तीही नाही."

भाचीने ते माझ्याच समासात लिहिले. आता मला पुठ्ठा लावत नाहीत. हिरवा घागरा अंगावर आहे. त्याची लाज मी शेवटपर्यंत वागवीन.

ऐकणाऱ्यांनो, थोरांचा शब्द कागदाच्या तुकड्याने खोडू नका. घरोघरी म्हाताऱ्या मुखांना ऐकणारे कान लाभोत, आणि तो सर्वसाक्षी तुम्हा सर्वांचे कल्याण करो.