शीतलला कुणी विचारलंच नाही

निकाल इरावती साठ्येला लिहायचा होता आणि तो तिला सुचत नव्हता.

'बोलका' हे अंध माणसांना फोनवरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट. त्याचा कोड सगळ्या जगाला उघडा. ज्याला जमेल त्याने सुधारावा, पगार कुणालाच नाही. पगार नसला की माणसं मानावर जगतात, आणि मग मानावरून अशी भांडतात की विचारू नका. म्हणून गेल्या वर्षी या मंडळींनी एकमेकांशी कसं वागायचं याची आचारसंहिता केली. बोलका ज्याने सुरू केला तो अंधेरीचा केयूर देसाई तेव्हा म्हणाला होता, "का रे, निवडणूक लागली काय?" सगळे हसले. शिस्तीची समिती नेमली. इरावती आणि यज्ञेश.

पहिली तक्रार आली ती केयूरवरच.

शीतल जाधव नावाच्या नव्या मुलीने तारखा वाचायचा भाग लिहून पाठवला होता. केयूरने त्याखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "हा कचरा आहे. चालवून तरी बघितलंस का? कुठून येतात यार असली माणसं."

तक्रार केली यज्ञेशने. तक्रार त्याची आणि न्यायाधीशही तोच. चांगल्या लोकांच्या संस्थांत हे खपतं. नियम असा की दुखावलेल्या माणसाला पुन्हा तो प्रसंग आठवायला लावायचा नाही. म्हणून शीतलला कुणी काही विचारलंच नाही. केयूरला सांगितलं, निकाल लागेपर्यंत तिच्या कामावर एक अक्षर लिहू नकोस. बाकीचे टरकले. शीतलने कोड दुरुस्त करून पुन्हा पाठवला, तेव्हा सगळ्यांनी खाली लिहिलं, "मनःपूर्वक आभार, शीतलजी." आणि न वाचता बोलक्यात घेतला.

इरावतीने केयूरचं जुनं लिखाण उकरून काढलं. यज्ञेशला त्याने लिहिलं होतं, "डोकं घरी ठेवून आलास का?" खुद्द तिला, "इरा, हे बघून कॉम्प्युटरने राजीनामा दिला असता." म्हणजे तोंड सगळ्यांशी सारखंच फाटकं. पण "कुठून येतात" हे त्याने आधी एकदाच लिहिलं होतं, एका पुण्याच्या जोशीला. जोशी हसला होता. जोशीला हसायला काय जातं? तो कुठून आला हे त्याला कुणी कधी डोळे बारीक करून विचारलेलं नाही.

तिने केयूरला फोन लावला.

"तुला काय म्हणायचं होतं?"

"कचरा होता, कचरा म्हटलं."

"ते नाही. कुठून येतात, ते."

"अगं, बोलायची पद्धत आहे ती."

"तिचं आडनाव बघितलं होतंस?"

तो म्हणाला, "तू मला हे विचारतेस? तू?"

"हो, विचारतेय."

"आडनाव कोण बघतं यार कोडवर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तो दुखावला की सापडला, ते तिला कळेना. तितक्यात समितीला शीतलची मेल आली. "माझा कोड कुणी वाचला होता का? हो की नाही, एवढंच सांगा."

इरावतीने नियम गुंडाळून ठेवला, शीतलला फोन केला, पत्ता घेतला आणि मुलुंडहून रिक्षा करून नाहूरला गेली.

शीतलने दार उघडलं. आत तिचे आंधळे मामा, नाना, फोन कानाला लावून बसले होते.

"कोण गं?"

"समिती आलीय, नाना."

"सोसायटीची? पाण्याचं सांग तिला."

इरावती बसली आणि वाटेत पाठ केलेलं बोलू लागली. "शीतल, जे झालं त्याबद्दल आम्ही सगळे–"

"काय झालं?"

"केयूर जे बोलला ते."

"ते होय. मला वाटलं तारखेचं." शीतल समोर बसली. "नानांना दवाखान्याचा मेसेज आला. बोलक्याने 'आपली तपासणी' एवढं वाचलं आणि तारीख गिळली. नाना भलत्याच दिवशी जाऊन ताटकळले. चूक माझ्या कोडमध्ये होती. मी नवीन आहे, चुकणारच. पण तुम्ही एवढ्या जणांनी आभार मानलेत. एकाने तरी वाचला?"

"नाही."

"माझा पहिला कोड केयूरने वाचला होता. म्हणून तर बोंबलला."

इरावतीला हायसं वाटलं. "म्हणजे तुझा त्याच्यावर राग नाही."

"असं कुठे म्हटलं मी? ते 'कुठून येतात' वाचून त्या दिवशी घास उतरला नाही."

"मग त्याला काढू?"

"तुम्हाला दोनच गोष्टी येतात का गं? एक तर हार घालायचा, नाही तर हाकलायचं." शीतलचा आवाज चढला नव्हता. "शीतलजी म्हणणारे माझ्या ऑफिसात पण आहेत. फार गोड. माझ्या टेबलावर डबा उघडत नाहीत. तो जातीवरून बोलला का, मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग विचारू की त्याला. बोलला सगळ्यांसमोर, विचारते पण सगळ्यांसमोर."

तिने तिथेच बसून लिहिलं, "केयूर, 'कुठून येतात' म्हणजे काय म्हणायचं होतं तुला? आणि माझा कोड पूर्ण वाच. चुका सांग. शिव्या नकोत, जी पण नको."

चहा होईपर्यंत उत्तर आलं. चुका, एकेक ओळ दाखवून, कारणासकट. शिवी नाही, जी नाही. आणि प्रश्नावर एक शब्द नाही.

शीतल पहिली चूक दुरुस्त करायला बसलीसुद्धा. यज्ञेशचा फोन आला. "इरावती, तो प्रश्न बंद करून टाक ना. वातावरण बिघडतंय. केयूरने काम केलंय की आता."

"उत्तर कुठे दिलंय?"

"अगं, समजून घे ना."

नेमकं काय समजून घ्यायचं, हेच तर तिला समजत नव्हतं. शीतल केयूरवर रागावलेली होती आणि त्याच्याकडूनच शिकतही होती. केयूर बरोबर होता आणि कदाचित नीचही. नियम पाळून समितीने शीतललाच बाहेर ठेवलं होतं. इरावतीने फोनवर निकाल लिहिला: शीतलचा कोड केयूरने वाचत राहावं. शीतलचा प्रश्न बंद करू नये. त्याचं उत्तर येईपर्यंत केयूरचा स्वतःचा कोड आत घेतला जाणार नाही. शीतलला न विचारता आम्ही तिच्या वतीने ठरवलं, ही समितीची चूक.

तिने फोन शीतलपुढे धरला. "हे बरोबर आहे का?"

शीतलने सावकाश वाचलं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "पाठव. चुकलं असलं तर कुणीतरी सांगेल."