पूर्वेचं दार

फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या आमच्या ओबरव्हालमध्ये राज्य बदललं की घरं वळतात. फ्रान्सचं आलं की दारं पश्चिमेला, जर्मनांचं आलं की पूर्वेला. पाऊणशे वर्षांत चारदा वळली. वळताना फळीवरच्या बश्या तेवढ्या धरायच्या.

माझ्या नवऱ्याला, मातियासला, जर्मनांनी सैन्यात ओढून नेलं तेव्हा आमचं दार पूर्वेला होतं. उंबऱ्यावर तो म्हणाला, "ओदिल, याच दारातून परत येईन. सांभाळ." म्हणून चौथ्या वेळी अख्खं गाव पश्चिमेला वळलं, तेव्हा मी खोलीच्या चारही कोपऱ्यांत फरशी उचकटून पाचरी ठोकल्या. घर कुरकुरलं, पण हललं नाही.

आता माझ्या दारासमोर नुसत्या घरांच्या पाठी. चालणारं कोणी नसलं की गल्ली आखडते, तशी आमची आखडत चालली. नगरपालिकेचे कारकून आले ते अंग चोरून.

"बाई, घर वळवा. नकाशात बसत नाही."

"मग नकाशा वळवा! मी शब्द दिलाय."

त्यांनी तसं लिहून घेतलं आणि आले तसे आडवे आडवे गेले.

शेजारची ऑर्टान्स रोज गल्लीच्या फटीतून लांब पाव सरकवायची. "सोड गं हट्ट. तिकडं पश्चिमेला बाजार भरतो, बायका तुझी चौकशी करतात."

"करू देत."

खरं सांगते, फार एकटं वाटायचं. पावाशी बोलायचे मी. परवापासून तर पावही शिरेना.

आज दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर ठोके पडले. दोन घाईचे, एक सावकाश. मातियासचेच.

"ओदिल, दार कुठाय?"

"अगंबाई! थांब तिथंच, हलू नकोस! दार आणते मी!"

चारही पाचरी उपसल्या, नखं फुटली. घर वळायला लागलं. बश्या पडल्या, पडेनात का मेल्या. दार एकदाचं पश्चिमेला आलं. मी ते धाडकन उघडलं.

समोर बाजार भरला होता. बायका वळून बघायला लागल्या. पायरीवर त्याचं गाठोडं होतं, आणि टोपी.

"मातियास!"

"इकडं आहे गं," तो म्हणाला. "त्याच दारातून येईन म्हटलं होतं ना."

दोन घाईचे, एक सावकाश. ठोके आता मागच्या, पूर्वेच्या भिंतीवर पडत होते, जिथं पावही शिरत नव्हता तिथून.