वाळूत मागे राहिलेली फळी

मी एक जुनी फळी आहे. आणि खरे सांगायचे तर जोडीतली एकटी उरलेली. माझ्या अंगावर टायरच्या रबराच्या आडव्या पट्ट्या आहेत, शेपटाला दोरी आहे, दोरीला विटलेले लाल फडके आहे. असले ध्यान स्वयंपाकघरातल्या फडताळाला दार म्हणून कसे, असे तुम्हाला वाटेल. मित्रांनो, तीच तर माझी कथा. जरा सावरून बसा.

मी याच फडताळाची उजवी झडप. डावी झडप माझी बहीण. एकाच ओंडक्यातून निघालो आम्ही. दिवसभर घरातल्या वहिनी आमची उघडझाप करीत, आणि जेवणे आटोपली की आम्ही दोघी काठाला काठ लावून मिटून जायचो. देवाने जोडी दिली, आणखी काय मागायचे!

घरात दोन भाऊ. थोरला सुतार, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. जिन्याखालच्या बोळकांडीत त्याचे काम चाले. शेजारी वर जायला निघाले की रंधा थांबवायचा, लाकूड उभे धरायचे, ‘जा बाबा’ म्हणायचे आणि पुन्हा आडवे करायचे. पाठ वाकली ती तिथेच. डोक्यावर हक्काचे छप्पर असावे आणि त्याखाली ताठ उभे राहून काम करावे, एवढेच तो देवाकडे मागे. धाकटा टेम्पो चालवी. टेम्पो दोघांचा. पलीकडच्या वस्तीला किराणा पोचवायचा, आणि मध्ये अर्ध्या कोसाचा वाळूचा पट्टा. एक दिवसाआड चाके रुतलीच म्हणून समजा.

“दादा, काहीतरी कर बाबा. वाळू उपसून माझी नखं गेली,” धाकटा कुरकुरे.

मिस्त्रीने आधी गुळगुळीत फळ्या घातल्या. चाकाने त्या अशा भिरकावल्या की एक थेट मागच्या ओढ्यात. मग त्याने फळ्यांवर खिळे ठोकले. फळी जागची हलली नाही, पण टायर फुस्स!

“वा दादा! आता रुतायची भीतीच नाही. गाडी हलेल तर रुतेल ना!”

वहिनी हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “असल्या पोचट लाकडानं काय होतंय? फडताळाची दारं घ्या. मी पडदा लावीन.”

अशा आम्ही फडताळातून उतरलो. मिस्त्रीने आमचे पुढचे टोक तासून उतार केला, म्हणजे चाक अलगद वर चढावे. वर रबर बसवले, बोल्टची डोकी रबरात खोल बुडवली. खालच्या बाजूला चार-चार बोटांवर लाकडी पट्ट्या मारल्या, म्हणजे वाळूत पाय रोवता यावेत. वाळूत गाडल्या गेलो तरी सापडावे म्हणून दोरी आणि लाल फडके. काम करताना तो गुणगुणे:

रुतल्या जीवाला देत जावा हात,
सुटल्या जीवाने सोडू नये साथ.

मित्रांनो, वाळूचा एक नियम आहे. सुटलेली गाडी वाळूत थांबवायची नसते. थांबली की पुन्हा रुतली. घट्ट जमीन लागेपर्यंत पुढेच जायचे. म्हणून धाकटा टेम्पो घेऊन पुढे जाई आणि मिस्त्री आम्हा दोघींना डोक्यावर घेऊन मागून चालत येई. घट्ट जमिनीवर धाकटा पाण्याची बाटली घेऊन उभा असे. “दादा, पाय उचल! मुंगी पुढे गेली की रे!” ओझे जड होते, पण वाट पाहणारा होता.

एकदा आरोग्य कार्यालयाच्या साहेबांची गाडी आमच्या शेजारीच रुतली. आम्ही तीही काढली. साहेब खूष झाले. मिस्त्री मागे फळ्या झटकत होता, म्हणून बोलणे धाकट्याशीच झाले. “सोमवारी अकरा वाजता कार्यालयात फळ्या दाखवायला आणा. ज्यानं बनवल्यात त्याला आवारातली शेड देऊ. आमच्या सगळ्या गाड्यांना तिथंच बनवायच्या.”

त्या संध्याकाळी मिस्त्रीने जिन्याखालची हत्यारे पुसून पिशवीत भरली. वहिनींनी देवापुढे दिवा लावला.

सोमवारी कार्यालयाला जाताना टेम्पो पुन्हा रुतला. मिस्त्रीने आम्हाला चाकांखाली सारले. धाकट्याने माझ्या बहिणीची दोरी टेम्पोच्या हुकाला बांधली. “एक मी ओढत नेतो, दादा. तुझं ओझं तेवढंच कमी.”

“शहाणा झालास रे,” मिस्त्री म्हणाला. केवढा आनंदला होता तो!

टेम्पो सुटला. बहीण घसटत गेली. मिस्त्रीने मला डोक्यावर घेतले आणि गुणगुणत निघाला. घट्ट जमीन आली. तिथे टेम्पो नव्हता. होता फक्त बहिणीला ओढल्याचा लांबलचक चरा. तो जिथवर दिसे तिथवर मिस्त्री पाहत राहिला. त्याचे गुणगुणणे थांबले.

दोन तास आम्ही उन्हात चाललो. कार्यालयात धाकटा साहेबांसमोर सरबत पीत होता. बहीण टेबलाला टेकून उभी होती.

“हे कोण?” साहेबांनी विचारले.

धाकट्याने मान वर केली नाही. “आमचा माणूस. फळ्या उचलायला असतो.”

“बरं, ती दुसरीही ठेव तिथंच.”

मित्रांनो, मला वाटले, आता मिस्त्री बोलेल. त्याचे ओठ हललेही. पण चारचौघांत भावाला खोटे पाडणे त्याच्याने होईना. तो एवढेच म्हणाला, “ही माझ्या घरच्या फडताळाची आहे, साहेब.” आणि मला घेऊन परत फिरला.

शेड धाकट्याला मिळाली आणि तो तिकडेच राहायला गेला. मी बिजागरीवर परत आले, रबरासकट. एकटी फळी वाळूत कुचकामी. एका चाकाने गाडी निघत नाही.

गेल्या महिन्यात धाकटा आला. त्याच्या फळ्या वाळूत घसरत होत्या. नमुन्याची माझी बहीण झिजली होती, तिच्या खालच्या पट्ट्या तुटून गेल्या होत्या. “काल पेशंटची गाडी तासभर अडकली, दादा. पट्ट्या किती अंतरावर मारल्या होत्यास?”

वहिनींनी पातेले आपटले. मिस्त्रीने मला उघडले आणि माझ्या पाठीवर बोटे ठेवली. “चार बोटं. नीट बघून घे.”

धाकट्याने मापले. मग हळूच म्हणाला, “त्या दिवशी गाडी उभी करायला जागा नव्हती रे.”

“गाडीला नसेल. तुझ्या पायांना होती.”

“शेडमध्ये येशील? दोघं मिळून करू.”

“कोण म्हणून येऊ? भाऊ म्हणून, की फळ्या उचलायला?”

धाकट्याने पायांत चपला सरकवल्या. तो गेला. “माप कशाला दिलंत?” वहिनी म्हणाल्या. “आजारी माणसानं काय घोडं मारलंय?” मिस्त्री म्हणाला आणि जिन्याखाली जाऊन वाकून बसला. गुणगुणणे मात्र ऐकू आले नाही.

आजही जेवणे आटोपली की वहिनी मला लोटतात. माझा काठ बहिणीचा काठ शोधतो आणि पडद्याला लागतो.

मित्रांनो, तुम्हीही कधी रुताल. कुणीतरी तुमच्या चाकाखाली पाठ घालील. सुटलात की खुशाल पुढे जा. वाळूत थांबू नका. पण घट्ट जमीन लागली की उतरा, आणि पाण्याची बाटली घेऊन मागे चालत या. तुमचे ओझे डोक्यावर घेऊन कुणीतरी येत असते.