साडेचारनंतरचं थंड काम

पाळणाघराच्या बाईंनी उशिराची वही उघडून भिंगरीच्या आईसमोर धरली. नियम सरळ होता: एका महिन्यात तीनदा उशीर झाला, की मुलाची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. तिच्या नावापुढे दोन खुणा झाल्या होत्या आणि महिना संपायला अजून बारा दिवस होते. नवरा आठवड्यातले पाच दिवस परगावी, घरात तिसरं मोठं माणूस नाही. पाळणाघर सुटलं की नोकरीही सुटलीच.

तशी ती वेंधळी मुळीच नव्हती. पोरीला ताप येणार हे तिला आदल्या दिवशीच्या डोळ्यांवरून कळायचं. पण घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसून डोळ्याला भिंग लावलं, की उरलेलं जग बुडालं म्हणून समजा. एखादं मुकं घड्याळ दोन दिवस हुलकावण्या देऊन टिकटिकू लागलं, की तिच्या अंगावर काटा यायचा. दुसऱ्यांदा उशीर झाला तो तर हसावं की रडावं असा. काम करता करता तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं, चार वीस, अजून पुष्कळ वेळ आहे म्हणून पुन्हा खाली घातली. ते घड्याळ मागे पडतं म्हणून सकाळी तिनेच चाचणीसाठी तिथे टांगलं होतं. तेव्हा खरे पावणेपाच झाले होते आणि पाळणाघर पाचला बंद होतं.

नवऱ्याने तिच्या मोबाइलवर तीन गजर लावून दिले. पण ज्या खोलीत चौदा घड्याळं टोले देतात, तिथे त्या किणकिणीला कोण विचारतो? हात आपला जाऊन गजर बंद करायचा, डोक्याला पत्ताच नसायचा. आणि धावतपळत पोरीला घेऊन घरी पोचली, तरी मन टेबलाशीच. सिंकमधली भांडी दिसली की कपाळाला आठी. पोरीने एकच गोष्ट दोनदा विचारली की खेकसणं, आणि त्यानंतर तासभर स्वतःचाच राग.

"माझ्या मनाला ताकदच नाही, मास्तर," ती एका दुपारी म्हणाली. "बाकीच्या बायका उठतात की वेळेवर. आणि घरी जाऊन पोरीवर खेकसत नाहीत."

मास्तरांनी, म्हणजे दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी, एक टेबलघड्याळ पूर्ण चावी भरून तिच्यापुढे सरकवलं आणि उघडायला सांगितलं. सवयीने तिचा हात आधी चावीकडे गेला. चावी घट्ट धरून, खटका उचलत, एकेक दात मागे सोडत ती स्प्रिंग सैल करू लागली.

"सरळ स्क्रू का नाही काढलेस?"

"बोटं फाटतील ना. स्प्रिंग भरलेली आहे."

"मग तू रोज अशीच भरलेली उठतेस की," मास्तर म्हणाले. "ताकद नाही म्हणे. ताकद नसती तर घरी जाऊन पोरीला लागली असती का?"

शेवटचं वाक्य तिला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःला एक नियम घातला. उठायच्या क्षणी मनाशी कुस्ती करायचीच नाही, त्याआधीच स्प्रिंग सैल करायची. साडेचारला, काम कुठेही असो, उद्याची पहिली कृती चिठ्ठीवर लिहायची, घड्याळावर काचेचा घुमट ठेवायचा आणि मग फक्त थंड काम करायचं: ब्रश धुणं, चिमटे पुसणं, स्क्रू आकाराप्रमाणे वाट्यांत घालणं. गजराचं काम मास्तरांनी घेतलं. साडेचारला ते तिच्या टेबलावरचा दिवाच मालवायचे.

पहिले दोन दिवस स्क्रू निवडताना तिला चक्क रडू येत होतं. तिसऱ्या दिवशी जांभई आली, आणि आपलं जमतंय हे तिने ओळखलं.

महिना संपायला दोन दिवस असताना एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांचं टोल्यांचं घड्याळ न्यायला आले. नेमका चार पंचविसाला तिला दोष सापडला होता, तिसऱ्या चाकाचा एक दात वाकलेला. दिवा मालवलेला, चिठ्ठी लिहिलेली, हातात ओला ब्रश. दहा मिनिटांचं तर काम आहे, करूनच टाका, म्हणून गुरुजी हटून बसले. तिची बोटं शिवशिवली. ही दहा मिनिटं तिच्या चांगल्या ओळखीची होती. ती कधीच दहा नसायची.

"उद्या अकराला या, गुरुजी. टोले ऐकूनच घेऊन जा."

"आणि आज काय अडचण आहे?"

"आज माझं दुकान बंद झालं."

मास्तरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, पण खांदे हलत होते.

चार त्रेचाळीसला ती रस्त्यावर होती, धावत नव्हती. वाटेत बेकरी लागली तेव्हा घरातला ब्रेड संपल्याचं आपसूक आठवलं, तो घेतला. तरी पाळणाघराच्या दारात पोचली तेव्हा पाचला पाच कमी होते. बाईंनी भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि वही मिटून खणात टाकली.

भिंगरी मात्र जागची हलेना. तिचा ठोकळ्यांचा पूल अर्धा झाला होता आणि खालून बोट जायची होती. आई इतक्या लवकर आली म्हणून तिने गाल फुगवले.

"पाच मिनिटं आहेत," आई म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन, गुडघे हनुवटीला लागतील अशा त्या बुटक्या खुर्चीवर बसली. "बोटीत कोण कोण आहे?"

भिंगरीने सांगायला सुरुवात केली. यादी बरीच लांबली, आणि आईने त्यातला एकही उतारू चुकवला नाही.