माझीही बाटली घ्या

आमच्या ह्यांना क्रिकेटने हाकललं ते बरंच झालं. गावाकडे बोलिंग टाकायला लागले की अंपायर हात आडवा करायचा. म्हणायचा, हा टाकत नाही, फेकतो. नो बॉल! दुबईत आल्यावर कळलं की जगात एक असाही खेळ आहे, ज्यात फेकायचेच पैसे देतात. बेसबॉल.

हे, म्हणजे धनंजय, जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर. त्याच कंपनीतले अमेरिकन साहेब दर शुक्रवारी गोदामांमागच्या मैदानावर खेळायचे. एकदा बाहेर आलेला चेंडू ह्यांनी उचलून परत फेकला, तो थेट कोचच्या हातमोज्यात. कोच हात झटकत मटकन खाली बसला. तेव्हापासून हे टीममध्ये. २००३ साली तर अमेरिकेतल्या एका छोट्या व्यावसायिक क्लबचा साहेब ह्यांना बघायला आला. स्पीड मोजायचं मशीन धरलं, तर ताशी एक्क्याण्णव मैल! एका सीझनचा करार देतो म्हणाला.

आणि समोरच्या टीमच्या कॅप्टनने काडी घातली. म्हणे, वर्षभरापूर्वी हा काटकुळा होता, बारा किलो वाढलाय, नक्की स्टेरॉइड घेतो. त्या वर्षी अमेरिकेच्या पेपरांत तेच चाललं होतं, कुठला खेळाडू काय टोचून घेतो आणि कुणाची लघवी तपासायची. साहेब म्हणाला, टेस्ट करू. त्यात काही निघालं तर करार खलास.

माझं डोकंच फिरलं. अहो, वर्षभरापूर्वी हा माणूस कामगारांच्या कॅम्पात डाळ आणि खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, खाऊन दिवस काढत होता. मग माझा व्हिसा झाला, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कंपनीची खोली मिळाली, आणि दोन्ही वेळा सुरमई, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी सुरू झाली. बारा कसले, वीस किलो वाढायला हवे होते!

टेस्टच्या दिवशी मीही क्लिनिकात गेले. डॉक्टर खैरुद्दीन हैदराबादचे. त्यांच्यासमोर उभी राहिले.

"डॉक्टरसाब, मेरी भी बोतल लो. हम एक थाली में खाते हैं. जो इनके पेट में, वही मेरे पेट में!"

"उर्मिला, गप बस," हे पुटपुटले.

मी कशाला गप बसतेय? कोच हसला, कॅप्टनही हसला, पण साहेबाने हो म्हटलं. दोन्ही बाटल्यांना सील लागलं आणि त्या परदेशातल्या लॅबला गेल्या.

मला भीती कसली? मी सदानंदवैद्यांची मुलगी. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, दम्याच्या औषधासाठी लोक लांबलांबून एसटीने येतात. आणि त्या औषधाची चालतीबोलती जाहिरात म्हणजे मीच. लहानपणापासून मला दमा. चार पायऱ्या चढले की छाती वाजायची. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी नवी पुडी केली, मी ती रोज घेऊ लागले आणि दमा पळाला. गाल भरले, चेहरा गोल झाला. शेजारची मैमुनाबी म्हणायची, "तुमको तो दुबई का पानी लग गया." ह्यांनी मात्र एकदा म्हटलं होतं, ही सूज वाटते, इथल्या डॉक्टरला दाखवू या का? दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. माझ्या बापाच्या औषधावर संशय घेता?

तीन आठवड्यांनी सगळ्यांना क्लिनिकात बोलावलं. "धनंजय क्लीन," डॉक्टर म्हणाले. मी कॅप्टनकडे अस्सं बघितलं! मग डॉक्टरांनी दुसरा कागद उचलला.

"बहनजी, आपके में निकला है. स्टेरॉइड."

कॅप्टन उसळला. हीच म्हणाली ना, एका ताटात जेवतो? म्हणजे घरात माल आहे, ह्याने फक्त वेळेवर बंद केला! साहेबाने पेनला टोपण लावलं. म्हणाला, हे घरात आलं कुठून ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि उद्या माझं विमान आहे.

पुडीचं त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. साहेबाने ह्यांना विचारलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सर, आय डोन्ट नो."

हातातला करार चालला होता, तरी ह्या माणसाने माझ्या माहेराचं नाव घेतलं नाही. मला रडूच फुटायचं, पण राग आधी आला. पर्समधून पुडी काढून टेबलावर आपटली.

"ये मेरी दमे की दवा है. इन्होंने कभी छुई भी नहीं. मेरे बाप ने बनाई है. चेक करो!"

'मेरे बाप ने' म्हणताना मी कुणाकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी साहेबाला समजावलं. रिपोर्टात निघालंय ते अंग कमवायचं स्टेरॉइडच नव्हे. दम्याला देतात ते, पण तेही मोजूनमापून. असं वर्षानुवर्षं घेतलं की तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं पोखरतात. "और अचानक बंद मत करना, बहनजी, जान का खतरा है. मैं धीरे-धीरे छुड़ाऊँगा." साहेबाने माझ्याकडे बघून टोपी काढली आणि सही केली. कॅप्टन खाली मान घालून निघून गेला.

घरी आल्याआल्या गावाला फोन लावला.

"अण्णा, पुडीत काय घालता?"

अण्णा हळूच म्हणाले, "मेडिकलातल्या गोळ्या. कुटून."

"का पण?"

"तुझा जीव घुसमटताना बघवत नव्हता गो. पहिली पुडी तुझ्यासाठीच केली. तुला गुण आला, मग लोक मागायला लागले."

मी ढसाढसा रडले. ह्यांनी पाठीवर हात ठेवला. मग मी नाक पुसलं.

"आता प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगा. एकदम बंद करू नका, आधी सरकारी दवाखाना गाठा, असं सांगा."

"अगो, लोक काय म्हणतील?"

"मी आज परक्या देशात, परक्या लोकांसमोर तुमचं नाव घेतलं, अण्णा. तुम्हाला आपल्या माणसांत सांगायला काय होतंय?"

फोनच्या कार्डातली मिनिटं संपत आली होती. मग त्यांनी खाकरून विचारलं, "सांगायला गेलो, तर सुरुवात काय करू?"

"माझ्यापासून करा. म्हणा, आधी माझ्या मुलीलाच दिलं."